आधी कॉपी, मग दुरुस्ती

मागच्या दिवाळीत मामाचा फोन आला. "अरे, ती फोटोंची डिस्क उघडतच नाहीये. स्कॅन करून दुरुस्त करू का, असं विचारतोय कॉम्प्युटर." मी मीटिंगला निघालो होतो. घाईघाईत सांगून टाकलं, "दे हो करून, मामा. काही होत नाही."

झालं! रात्रभर चेकडिस्क चाललं. सकाळी डिस्क उघडली, पण आजीच्या ओव्यांचं फोल्डर गायब. त्या जागी 'फाउंड' नावाचं एक फोल्डर आणि त्यात नुसते नंबर घातलेल्या निनावी फाइल्स. आजी आता नाही. रेकॉर्डिंगची दुसरी कॉपी? बॅकअप हा शब्द मी फक्त ऑफिसात वापरतो.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, की 'दुरुस्ती' हा शब्दच फसवा आहे. चेकडिस्क दुरुस्त करतं ती डिस्कवरच्या फाइल्सची यादी. तुमच्या फाइल्स नव्हेत. यादीतली एखादी नोंद वाचता आली नाही, तर ती काढून टाकून यादी जुळवून घेतं. तेही मूळ डिस्कवरच, आणि अन्डू नाही. त्यात 'आर' हा पर्याय दिला तर ते अख्खी डिस्क वाचून काढतं. धाप लागलेल्या माणसाला गड चढायला लावण्यासारखंच हे.

मग करायचं काय? आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा. कधीकधी दोष तिथेच असतो. मग क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये स्मार्टचे आकडे बघा. ५ नंबर (बदललेले सेक्टर) किंवा १९७ (वाचता न येणारे, निकाल लागायचे असलेले सेक्टर) वाढत असतील तर डिस्क चालली म्हणून समजा. १९९ वाढत असेल तर संशय केबलवर. डिस्कमधून टक् टक् आवाज येत असेल तर सरळ बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

आवाज नसेल तर लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरून आख्खी डिस्क दुसरीवर उतरवा. ते सोपा भाग आधी उचलतं, खराब जागांशी झटापट नंतर करतं. चेकडिस्क चालवायचं ते या कॉपीवर.

आणि स्मार्ट गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलच्या तिघांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. स्कॅनमध्ये पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता ३९ पट निघाली. पण गेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या बाबतीत, तापमान सोडलं तर, स्मार्टमध्ये आधी काहीच दिसलं नव्हतं!

त्या निनावी फाइल्सना एमपीथ्रीचं शेपूट लावून मी काही वाजवल्या. एक ओवी मध्येच तुटते. मामा एवढंच म्हणाला, "तुझी काय चूक रे त्यात." होती, मामा.

असो. आज सुट्टीच आहे. घरच्या डिस्कची एक कॉपी करून टाका.