सिंक झालं, म्हणजे सेफ झालं?

मुळशीतला वीकेंड. बाहेर धो-धो पाऊस, मोबाईलला रेंज शून्य! तरी फोनमधले फोटो माझ्या लिनक्स लॅपटॉपवर आपोआप उतरत होते. जादू नाही हो, ‘सिंकथिंग’! २०१३ मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स. मध्ये कुणाचा सर्व्हर नाही. दोघं एकाच वाय-फायवर असले की झालं, इंटरनेटही लागत नाही. २०१२ मध्ये गुगल ड्राइव्ह विंडोज आणि मॅकसाठी आलं, तेव्हा आम्ही लिनक्सवाले नुसते बघत बसलो होतो. त्याची सगळी भरपाई झाली म्हणा ना!

आणि मग मी माती खाल्ली. फोन फुल झाला म्हणून आजीचे व्हिडिओ उडवले. लॅपटॉपवर आहेतच की! थोड्या वेळाने बघते, तर तिथूनही गायब. सिंक म्हणजे आरसा. आपली चूकही तो इमानदारीत दाखवतो. आजी आता नाही, ते व्हिडिओही नाहीत.

तेव्हा हिंजवडीकरांनो, फोल्डरच्या सेटिंगमध्ये ‘फाइल व्हर्जनिंग’ आजच चालू करा. ते आपलं आपण चालू होत नाही. आणि एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, सिंकपासून चार हात लांब!