पोशाख पेलणारी

1955 सालच्या ऑगस्ट महिन्यात रिचर्ड ॲव्हेडन या अमेरिकी छायाचित्रकाराने पॅरिसच्या 'सिर्क दिव्हेर' या जुन्या सर्कशीच्या इमारतीत जे चित्र टिपले आणि 'हार्पर्स बझार' मासिकाने पुढच्याच महिन्यात जे छापले, त्याला फॅशनच्या छायाचित्रणात आजही अग्रपूजेचा मान मिळतो, आणि तो अनाठायी आहे असे मलाही वाटत नाही. हत्तींच्या ओळीसमोर काळ्या मखमली पोशाखातली एक उंच, सडपातळ स्त्री उभी आहे; बाहू दोन्ही बाजूंच्या हत्तींकडे पसरलेले, आणि कमरेला पांढऱ्या साटिनचा रुंद पट्टा बांधून त्याचा सोगा खाली सोडलेला. हत्तींच्या सुरकुतलेल्या, धुळकट कातडीशेजारी मखमलीचा काळेपणा अधिकच गहिरा होतो. हत्तींच्या पायांतल्या साखळ्याही ॲव्हेडन यांनी लपवलेल्या नाहीत. देवळाच्या दारी आणि मिरवणुकीत हत्ती पाहत वाढलेल्या आपल्या वाचकाला त्या जनावराचे अप्रूप नसेल. त्याने पाहावा तो त्या बाईचा तोल.

तो पोशाख दिओर या फ्रेंच वेशरचनाकारांच्या पेढीचा होता. पण रेखाटला होता तो त्यांच्याकडे नुकत्याच दाखल झालेल्या एकोणीस वर्षांच्या ईव्ह सॅं लॉरां या साहाय्यकाने. ॲव्हेडन यांना स्वतःला मात्र हे चित्र साधले असे कधीच वाटले नाही. साटिनचा तो पट्टा वाऱ्यावर डावीकडे उडाला असता तर चित्राची रेषा पुरी झाली असती, ही रुखरुख त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी बोलून दाखवली होती. जगाने डोक्यावर घेतलेल्या चित्रात आपल्याला एका कापडी पट्ट्याची उणीव डाचत राहावी, यात मला त्या कलावंताची खरी जात दिसते. त्याचे चित्त अखेरपर्यंत कापडावर होते.

आणि ती स्त्री? डोव्हिमा हे तिचे व्यावसायिक नाव, डोरोथी, व्हर्जिनिया आणि मार्गारेट या तिच्या तीन नावांची आद्याक्षरे जोडून केलेले. त्या काळी तिची बिदागी तासाला साठ डॉलर होती, म्हणजे मिनिटाला एक डॉलर, आणि हा दर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये चर्चेचा विषय होता. उतारवयात हीच बाई फ्लोरिडातल्या एका पिझ्झाच्या उपाहारगृहात गिऱ्हाइकांचे स्वागत करण्याच्या नोकरीवर होती. 1990 साली ती वारली. पुढे 2010 साली पॅरिसच्या लिलावात त्या छायाचित्राची एक मोठी प्रत 8 लाख 41 हजार युरोंना गेली, आणि ती विकत घेतली दिओरच्याच पेढीने. छायाचित्रकाराचे नाव झाले, पेढीचे झाले, साहाय्यकाचेही पुढे जगभर झाले. जिच्या खांद्यांनी, मानेने आणि श्वास रोखून धरलेल्या बरगड्यांनी तो पोशाख पेलला, तिचा हिशेब मिनिटांचे पैसे चुकते करून बंद करण्यात आला.

माझे मत असे की फॅशनचे छायाचित्र ही मुळात एक साक्ष असते: अमुक कापड, अमुक बेताने बेतलेले, जिवंत देहावर असे पडते, चालताना असे हलते, याची साक्ष. मॉडेल ही त्या प्रकरणातली साक्षीदार आहे. तिला खुंटी समजणारे लोक कापडही जाणत नाहीत आणि छायाचित्रही. 1933 साली मार्टिन मुंकाची या हंगेरियन छायाचित्रकाराने 'हार्पर्स बझार'साठी पोहण्याच्या पोशाखातल्या एका तरुणीला समुद्रकिनाऱ्यावर धावायला लावून तिचे चित्र घेतले, तोवर या मासिकांतल्या स्त्रिया बहुधा बैठकीतल्या पुतळ्यांसारख्या स्तब्ध असत. तिच्या पाठीवर उडालेल्या त्या आखूड झग्याने वाचकाला जे सांगितले, ते शिंप्याच्या दहा आकृत्यांनी सांगितले नसते.

आपल्याकडे या विद्येचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. मराठी मासिकांच्या मुखपृष्ठांवर दीर्घकाळ राज्य होते ते दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यांचे. त्यांनी रंगवलेल्या लुगड्यांचे काठ, नथी आणि अंबाडे यांवरून मराठी घरांतल्या दोन पिढ्यांनी सौंदर्याच्या कल्पना ठरवल्या. छायाचित्र आले ते पुष्कळसे सिनेमाचे बोट धरून. गौतम राजाध्यक्षांसारखा छायाप्रकाशाचा जाणकार आपल्याला लाभला, पण त्यांच्या थोरवीचा विषय माणसाचा चेहरा होता. 1997 सालच्या त्यांच्या ग्रंथाचे नावही 'फेसेस', म्हणजे चेहरे, असेच आहे. त्यांच्यामागून आलेल्यांनी मात्र चेहऱ्याची ही भक्ती सोयीस्करपणे उचलली, त्यामागची नजर उचलली नाही, आणि मुखपृष्ठ ही नटीची मिरास होऊन बसली. नटीला पोशाख पेलता येत नाही असे मी म्हणत नाही. पण ती स्वतःची साक्ष देते, कापडाची नव्हे.

मॉडेलविषयी आपल्या समाजाने जाहीरपणे कधी वाद घातला असेल, तर तो 1995 साली. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण या दोघा मराठी मॉडेलांचे प्रबुद्ध दासगुप्ता यांनी एका बुटांच्या जाहिरातीसाठी घेतलेले छायाचित्र अश्लील ठरवावे म्हणून खटला गुदरला गेला, आणि 2009 साली आरोपी निर्दोष सुटेपर्यंत तो रेंगाळला. त्या चित्रात अंगावर बूट आणि एक अजगर यांवाचून काहीच नव्हते. वस्त्रांच्या धंद्यातल्या माणसांकडे आपले लक्ष गेले ते वस्त्र नसताना, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.

लग्नसराईच्या पुरवणीतली पैठणीची पानभर जाहिरात घ्या. मॉडेल कोचावर बसवलेली. पदरावरचे चारही बांगडी मोर दिसलेच पाहिजेत म्हणून तो कोचाच्या हातावर पुठ्ठ्यासारखा ताठ पसरून, न दिसणाऱ्या बाजूने पिना आणि चिमटे लावून बसवलेला. निऱ्यांना वजन म्हणून नाही. जर ही दुमडीच्या खोबणीत काळवंडते आणि घडीच्या कडेवर पेटते, एवढी साधी गोष्ट आपल्या घरातल्या कोणत्याही आजीला ठाऊक असते. छापील जर मात्र सर्वत्र सारखीच पिवळी. शिवलेल्या नऊवारीची टूम निघाली आहे, तिला माझा विरोध नाही; घाईच्या दिवसांत ती सोयीची आहे. परंतु नेसलेल्या लुगड्याचा ओचा बसताना आणि उठताना आकार बदलतो, कासोटा पावलागणिक ताणतो आणि सैलावतो, आणि शिवलेल्यात हे सारे एकदाच ठरून गेलेले असते, हा भेद छायाचित्राने दाखवायला हवा. ते तर दोहोंना एकाच गोंडस पवित्र्यात उभे करते आणि गिऱ्हाइकाला फरक कळतो तो घरी, आरशासमोर.

आता या प्रकरणात यंत्रही उतरले आहे. 2025 सालच्या ऑगस्टच्या अमेरिकी 'व्होग'मध्ये 'गेस' या कंपनीची जी जाहिरात आली, तिच्यातली तरुणी जगात कुठेच नाही. ती संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने घडवलेली आहे, आणि तशी बारीक अक्षरांतली टीप त्या पानावर होती. यंत्राला मखमलीचा काळेपणा जमत नाही, असा आक्षेप मी घेणार नाही. आज नाही तर उद्या जमेल. माझा आक्षेप असा की जे कापड कोणाच्याही अंगावर पडलेच नाही, ते अंगावर कसे पडते हे सांगणारे चित्र म्हणजे बनावट दस्तऐवज होय. फ्रान्सने 1 ऑक्टोबर 2017 पासून, जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा संगणकावर बारीक वा जाड केला असेल तर तसे चित्रावर छापण्याची सक्ती केली, आणि कसूर करणाऱ्यास साडेसदतीस हजार युरोंपर्यंत दंडाची तजवीज ठेवली. बांध्याला जो न्याय, तोच सबंध देहाला आपल्याकडेही लावावा, आणि टीप भिंग न घेता वाचता येईल अशा अक्षरांत असावी.

फॅशनच्या मासिकांच्या पानांवर कोपऱ्यात बारीक मजकुराची एक चौकट असते. छायाचित्रकार, केशरचना, रंगभूषा, स्थळसौजन्य, हातातल्या घड्याळाची किंमत, सारे तिच्यात येते. मॉडेलचे नाव कधी येते, कधी येत नाही, आणि पेढ्यांच्या जाहिरातींत तर ते जवळजवळ नसतेच. येवल्याच्या ज्या विणकराने महिनोन्‌महिने मागावर बसून तो पदर उतरवला, त्याची वाट तर त्याहून लांबची. 'साडी: अमुक यांच्या संग्रहातून' एवढ्यावर त्याची बोळवण होते. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांची आणि जाहिरातींची बोलणी पावसाळ्यातच सुरू होतात. यंदा संपादकांनी आणि जाहिरातदारांनी त्या चौकटीत दोन ओळी वाढवाव्यात, एक पेलणारीची आणि एक विणणाऱ्याची; जागाच अपुरी पडली, तर घड्याळाची किंमत गाळायला हरकत नाही.