म्हादईचे पाणी आणि तुटीचे वर्ष

म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात ७५ टक्के विश्वासार्हतेने नदीचे पाणी १८८.०६ टीएमसी धरले आणि कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४, तर महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिले. या विश्वासार्हतेचा अर्थ असा की, दर चार वर्षांपैकी एका वर्षी प्रवाह त्याहून कमी भरण्याचा संभव असतो. शिवाय हा आकडा वर्षाचा. पाणी मात्र बहुतांशी पावसाळ्यातच वाहून जाते. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण होताच भरतीचे खारे पाणी मांडवीतून वर चढते. २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ‘प्रवाह’ प्राधिकरणाची कसोटी इथेच आहे. दैनंदिन प्रवाहमापन, पावसावर आधारित पूर्वानुमान आणि तुटीच्या वर्षी कपातीचे स्पष्ट सूत्र नसेल, तर गोव्याचा हक्क कागदावरच राहील.