कार्डाचे कर्ज फेडताना दुसरा फास गळ्यात घेऊ नका

मेन रोड, दूध बाजार, भद्रकाली या भागात छोटा धंदा करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांच्या खिशात आता दोन-तीन क्रेडिट कार्डे असतात. ईदच्या किंवा लग्नसराईच्या आधी माल भरायचा असतो, उधारी वसूल झालेली नसते, मग कार्ड पुढे केले जाते. पुढे एका कार्डाचे बिल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचे तिसऱ्यावर जाते. कुणी ओळखीच्या दुकानातल्या मशीनवर कार्ड घासून, कमिशन कापून रोख रक्कम घेतो. माल न घेता असे बिल करणे नियमाविरुद्ध आहे. शिवाय त्याने कर्ज एका पैशानेही कमी होत नाही, उलट कमिशनची भर पडते.

व्यापाऱ्याने आधी हिशेब मांडावा. समजा, कार्डावर एक लाख रुपये थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. म्हणजे ३,५०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३० रुपये. तुम्ही ५,००० रुपये भरले, तर मुद्दलात जमा झाले फक्त ८७०! कार्ड पुन्हा न वापरता दरमहा ५,००० भरत राहिलात, तरी कर्ज फिटायला सुमारे ४४ महिने लागतील आणि खिशातून जातील सव्वादोन लाखांच्या आसपास. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा त्या मर्यादेचा आधार आता राहिलेला नाही.

व्याजाबद्दल आपली धार्मिक भूमिका वाचकांना नव्याने सांगायला नको. पण ज्याच्या डोक्यावर व्याज आधीच चढले आहे, त्याच्यापुढे ते लवकरात लवकर उतरवण्याचा प्रश्न आहे. नात्यातून किंवा मित्रांकडून कर्जे हसना मिळत असेल, तर त्यासारखा उपाय नाही. मात्र ते कागदावर लिहावे, साक्षीदार ठेवावेत. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनातच आहे.

तसे शक्य नसेल, तर सगळी कार्डे मिळून एकच कमी दराचे कर्ज काढणे हा मार्ग उरतो. तेच एक लाख वर्षाला १६ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मिळाले, तर हप्ता सुमारे ३,५१६ रुपये बसतो आणि एकूण व्याज साधारण २६,६०० रुपये होते. मुदत पाच वर्षे केली, तर हप्ता २,४३२ पर्यंत उतरतो, पण व्याज ४५,९०० च्या घरात जाते. म्हणून हप्ता किती कमी झाला याबरोबरच एकूण किती भरावे लागणार, हेही विचारा. प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा कर या हिशेबात धरा. आणि कर्ज मिळाल्यावर जुनी कार्डे लेखी अर्ज देऊन बंद करा. कार्डे चालू ठेवली, तर वर्षभरात कर्जही राहते आणि कार्डेही पुन्हा भरतात.

इथेच भामटे टपून बसलेले असतात. फोन येतो, ‘तुमचे कर्ज मंजूर झाले, फक्त फाइल चार्ज आणि विम्याचे पैसे आधी पाठवा.’ खरी बँक आपली फी कर्जाच्या रकमेतून कापते किंवा रीतसर पावती देऊन घेते. एखाद्याच्या मोबाइल नंबरवर ती पैसे मागत नाही. दुसरा सांगतो, ‘बँकेचे हप्ते थांबवा, आम्हाला भरा, आम्ही निम्म्यात तडजोड करून देतो.’ या काळात व्याज आणि दंड वाढत जातो आणि मध्यस्थ गायब होतो. तडजोड करायचीच असेल, तर स्वतः शाखेत जाऊन करा आणि लेखी पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. अशी तडजोड पतनोंदीत दिसते आणि पुढचे कर्ज अवघड होते, हेही लक्षात ठेवा.

‘बिनव्याजी’, ‘हलाल’ असे शब्द ऐकून तर अधिकच सावध व्हा. बंगळुरूच्या आयएमए कंपनीने याच शब्दांवर हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी गोळा केल्या आणि २०१९ मध्ये ती कोसळली. आपल्या नाशिकने २०१४ मध्ये केबीसीचा घोटाळा पाहिला आहे. टोपी, दाढी किंवा गावची ओळख म्हणजे परवाना नव्हे.

मोबाइलवरून कर्ज घेणारच असाल, तर त्या ॲपमागे कोणती बँक किंवा वित्त कंपनी आहे, हे रिझर्व्ह बँकेच्या यादीत तपासा. कर्जाच्या सगळ्या अटी आणि खर्च एकत्र सांगणारे पत्रक सही करण्याआधी मिळणे, हा तुमचा हक्क आहे. खासगी सावकाराकडे जाल, तर २०१४ च्या कायद्याप्रमाणे त्याच्याकडे परवाना आहे का, ते विचारा. नसेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते.

फसवणूक झालीच, तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर कळवा. वसुलीवाल्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर तगादा लावण्याची मुभा नाही. बँकेने तक्रारीची ३० दिवसांत दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

पण माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी आपली लाज आहे. दुकानाची अब्रू जाईल म्हणून माणूस बायकोला सांगत नाही, भावाला सांगत नाही, बँकेच्या मॅनेजरलाही सांगत नाही. सांगतो तो फोनवरच्या अनोळखी माणसाला! भामट्याचा धंदा आपल्या लपवाछपवीवर चालतो. जानेवारी २०२३ मध्ये सातपूर भागात सावकारांच्या जाचाला कंटाळून बाप आणि दोन मुलांनी एकाच दिवशी जीवन संपवले. ती बातमी आपण वाचली, हळहळलो आणि विसरलो.

बाजारातील जुन्याजाणत्या व्यापाऱ्यांनी आणि जमातीच्या ज्येष्ठांनी महिन्यातून एक संध्याकाळ अडचणीतल्या दुकानदारांचा हिशेब पाहण्यासाठी द्यावी. बरोबर एखादा अकाउंटंट असावा. तिथे पैसे देण्याची गरज नाही, कागद वाचून दाखवले तरी पुरे. आणि ज्याच्यावर कर्ज आहे, त्याने आज रात्रीच सगळी बिले घरच्यांसमोर मांडावीत. कर्ज घेणे हा गुन्हा नाही. ते लपवून वाढू देण्यात मात्र घराचेच नुकसान आहे.