सीएमएल रुग्णांची तिमाही रक्तचाचणी बीडमध्येच व्हावी, यासाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा रुग्णालय, बीड.

विषय : सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाची नियमित तपासणी व योग्य औषधाची निवड यांची सोय जिल्ह्यात होणेबाबत.

महोदय,

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजेच सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग 9 व 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलल्याने होतो. त्यातून बीसीआर-एबीएल हे जनुक तयार होते व त्याचे प्रथिन पांढऱ्या पेशी बेसुमार वाढवत राहते. इमॅटिनिबची गोळी नेमके हेच प्रथिन अडवते. अमेरिकेत 2001 साली मान्यता मिळालेल्या या औषधामुळे एकेकाळचा जीवघेणा आजार बहुसंख्य रुग्णांना वर्षानुवर्षे सांभाळता येतो. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. गोळीचा प्रश्न बराचसा सुटला; तपासणीचा सुटलेला नाही.

उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच साध्या सीबीसीचा रिपोर्ट सुधारतो, वाढलेली पाणथरी ओसरते, अंगात ताकद येते. रुग्णाला आजार गेला असे वाटते. प्रत्यक्षात शिल्लक रोग फक्त बीसीआर-एबीएलच्या आरक्यू-पीसीआर चाचणीतच मोजता येतो. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीनुसार हे प्रमाण 3 महिन्यांनी 10 टक्के किंवा कमी, 6 महिन्यांनी 1 टक्का व वर्षभरात 0.1 टक्क्यापर्यंत उतरणे अपेक्षित असते. वर्षानंतरही ते 1 टक्क्याहून जास्त असेल, तर उपचार अपुरा पडला असे मानतात. त्यामुळे सुरुवातीला दर तीन महिन्यांनी चाचणी करावी लागते.

पाली व परिसरातच नव्हे, तर सबंध बीड जिल्ह्यात या तीन महिन्यांच्या हिशोबाला ऊसतोडीचा हंगाम आडवा येतो. दिवाळीच्या आसपास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. एवढ्या काळात दोन चाचण्या सहज हुकतात. मुकादमाची उचल अंगावर असताना चाचणीसाठी सव्वाशे किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्या-मुंबईला जाणे, म्हणजे नवरा-बायको दोघांच्या कोयत्याची मजुरी बुडवणे.

चाचणीशिवाय औषध बदलणे म्हणजे अंदाजाने बाण मारणे. प्रमाण वाढलेले दिसले, की आधी गोळ्या चुकल्या का, हे विचारावे लागते; अनेकदा कारण तेच निघते. तसे नसेल तर जनुकीय उत्परिवर्तनाची तपासणी लागते. टी315आय हे उत्परिवर्तन आढळल्यास इमॅटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब यांपैकी एकही लागू पडत नाही. पोनॅटिनिब किंवा अ‍ॅसिमिनिबचा विचार करावा लागतो. इतर रुग्णांत सोबतचे आजार पाहून निवड होते. फुप्फुसाचा आजार असलेल्याला डॅसाटिनिब शक्यतो टाळतात, कारण त्याने छातीत पाणी होऊ शकते. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्याला निलोटिनिब देताना विचार करावा लागतो. शिवाय ते दिवसातून दोनदा, उपाशीपोटीच घ्यायचे असते. पहाटे फडात उतरणाऱ्या मजुराला हे वेळापत्रक पाळणे अवघड, हेही चिठ्ठी लिहिताना ध्यानात घेतले पाहिजे. गरोदरपणात ही औषधे गर्भाला घातक ठरू शकतात; म्हणून तरुण स्त्रियांना हे आधीच समजावून सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य ठरते.

यास्तव जिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवशी नमुने घेऊन ते 48 तासांच्या आत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोहोचवण्याची व्यवस्था व्हावी, कारण उशीर झाल्यास रक्तातील आरएनए खराब होऊन निकाल बेभरवशाचा होतो. क्षयरोगासाठी वापरल्या जाणाऱ्या सीबी-नॅट यंत्रावर वेगळे कार्ट्रिज घालून बीसीआर-एबीएल मोजता येते; ते बीडमध्ये सुरू करण्याबाबत शासनाकडे प्रस्ताव पाठवावा. चाचणीचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अथवा रुग्णालयाच्या निधीतून भागवावा. हंगामाला निघण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाची चाचणी करून पुरेशा गोळ्या व आधीच्या सर्व रिपोर्टांची नोंदवही द्यावी, तसेच कारखाना परिसरातील सरकारी रुग्णालयात त्याचा नमुना स्वीकारला जाईल असे पत्र सोबत असावे. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाई येथील तज्ज्ञांचा सल्ला दूरध्वनीवर मिळाल्यास औषध बदलाचा निर्णय लांबणार नाही.

येता गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी या मागण्यांवर निर्णय घेऊन तसे लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ, पाली, ता. जि. बीड