प्रयोगशाळेतील साडेपाच तासांची चूक

परम रुद्र मालिकेतील तीन महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील या यंत्रांचे यथोचित कौतुक झाले. जगातील पहिले पाचशे महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहेत आणि परम मालिकाही त्याच वाटेने गेली आहे. भारतीय विज्ञानातील मोजमापांचा मोठा भाग मात्र अशा भव्य दालनांपासून दूर, विद्यापीठाच्या एखाद्या कोंदट खोलीत, वर्णपटमापकाच्या किंवा एक्स-किरण विवर्तनमापकाच्या शेजारी ठेवलेल्या जुनाट विंडोज संगणकावर जन्माला येतो. त्या संगणकाची वार्ता कोणी देत नाही.

उपकरणाचे आयुष्य वीस वर्षांचे आणि विंडोजच्या आवृत्तीचे त्याहून बरेच कमी, ही यातली मूळ विसंगती. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, सातव्या आवृत्तीचा १४ जानेवारी २०२० रोजी आणि दहाव्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. उपकरण ठणठणीत असते; ते चालवणारे सॉफ्टवेअर मात्र नव्या विंडोजवर उभे राहत नाही. अशा वेळी विभागातील एखादा जाणकार संशोधक विद्यार्थी नव्या संगणकावर लिनक्स बसवतो आणि जुने विंडोज त्याच्या पोटात आभासी यंत्र म्हणून नांदवू लागतो. ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या अभियंत्यांनी ती १९६०च्या दशकात प्रत्यक्षात आणली होती, आणि २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात सामील झाल्यावर ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. लिनक्स यजमान, विंडोज पाहुणा. अडचणी बहुधा या दोघांच्या मधल्या उंबरठ्यावर उद्भवतात.

काही अडचणी किरकोळ असतात. पाहुणा गोगलगायीच्या गतीने चालत असेल किंवा सुरूच होत नसेल, तर संगणकाच्या बायोसमध्ये आभासीकरणाची सोय बंद राहिली आहे का, हे प्रथम पाहावे लागते. विंडोज बसवताना हार्ड डिस्कच दिसत नसेल, तर यजमानाने जी व्हर्ट-आयओ पद्धतीची डिस्क पुढे केली आहे तिचा ड्रायव्हर विंडोजपाशी नसतो. तो वेगळ्या आयएसओ फाइलमधून द्यावा लागतो. जुन्या संगणकाची डिस्क जशीच्या तशी आभासी यंत्रात आणली की एक्सपी पुष्कळदा निळा पडदा दाखवून थांबते. तिला आधुनिक साटा डिस्क ओळखता येत नाही. तीच डिस्क आयडीई म्हणून जोडली की बहुधा ती मुकाट्याने सुरू होते. अकराव्या आवृत्तीला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते, आणि आभासी यंत्रात त्या दोन्हींची नक्कल पुरवता येते. या चुका स्वतःहून ओरडतात, म्हणून त्यांचे भय नसते.

घड्याळाची चूक ओरडत नाही. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते. विंडोज मात्र ते घड्याळ स्थानिक वेळच दाखवत आहे, असे गृहीत धरते. पाहुणा विंडोज आहे हे आभासी यंत्र तयार करताना सांगितलेले नसेल, तर पाहुण्याला जागतिक वेळ मिळते आणि तो तीच भारतीय वेळ समजतो. परिणामी त्याचे घड्याळ नेमके साडेपाच तास मागे राहते. इंटरनेट असते तर विंडोजने ही चूक पुढेमागे सुधारली असती, परंतु आधार संपलेली प्रणाली जाळ्यापासून तोडून ठेवणे हेच शहाणपणाचे असल्याने ती सुधारणाही होत नाही. मग पहाटे दोन वाजता घेतलेले मापन आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठचे म्हणून नोंदले जाते. एका नमुन्याच्या बाबतीत यामुळे काही बिघडत नाही. तापमानाची नोंद एका संगणकावर आणि वर्णपटाची दुसऱ्यावर होत असेल, आणि दोन्ही नोंदी पुढे वेळेच्या आधारे जुळवायच्या असतील, तर मात्र सकाळचे तापमान रात्रीच्या मापनाला चिकटते, आलेख काढला जातो, आणि कदाचित शोधनिबंधही प्रसिद्ध होतो. उपाय आहे एका शब्दाचा: आभासी यंत्राच्या घड्याळाच्या मांडणीतील ‘यूटीसी’ काढून ‘लोकलटाइम’ लिहिणे. तो शब्द कोणत्या दिवशी बदलला हे कोणी वहीत टिपले नसेल, तर त्याआधीची विदा दुरुस्त करता येत नाही.

यूएसबीने जोडलेल्या उपकरणांचा प्रश्न याहून उघड आहे. यजमानाचा ड्रायव्हर उपकरण आधीच धरून बसतो आणि पाहुण्यापर्यंत ते पोहोचत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये वापरकर्ता योग्य गटात नसेल तरी तेच होते. एक्सपीला यूएसबी ३ ठाऊक नसल्याने नियंत्रक जुन्या पिढीचा द्यावा लागतो. संगणकात खोचायचे जुने मापन-कार्ड असेल, तर आयओएमएमयूची सोय असलेला यजमान हवा, आणि क्षणाक्षणाचा अचूक हिशेब लागणारे काम असेल तर आभासी यंत्राचा आग्रह सोडावा हेच बरे. विदेचे विश्लेषण आभासी विंडोजमध्ये करावे. मापन मूळ यंत्रावरच राहू द्यावे. स्नॅपशॉटला प्रत समजून निर्धास्त राहणाऱ्यांनाही एक सकाळ महागात पडते. यजमानाची डिस्क भरते आणि पाहुणा भर मापनात गोठतो.

एवढी खटपट करण्यापेक्षा नवा विंडोज संगणक घ्यावा, असे म्हणणारे चुकीचे म्हणत नाहीत. पण नव्या संगणकावर जुने सॉफ्टवेअर चालत नाही, हाच तर पेच आहे. नवे सॉफ्टवेअर स्वतंत्र किंमत मागते, आणि कधी त्यासोबत नवे उपकरणही.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये आखले. सी-डॅकने त्याही आधी बॉस ही लिनक्स प्रणाली सिद्ध केली होती. संरक्षण मंत्रालयाच्या माया प्रणालीची २०२३ मध्ये बरीच चर्चा झाली. या साऱ्यांचा रोख कार्यालयीन संगणकाकडे आहे. प्रयोगशाळेतील उपकरणाशेजारचा संगणक मात्र खरेदीच्या कागदपत्रांत ‘उपकरणासोबतचे साहित्य’ म्हणून येतो आणि तेवढाच राहतो. सार्वजनिक पैशातून कोट्यवधींचे उपकरण घेणाऱ्या संस्थेने निविदेतच तीन गोष्टी मागायला हव्यात: विदेच्या फाइलीची रचना लिखित स्वरूपात द्यावी, सॉफ्टवेअरचा परवाना दुसऱ्या यंत्रावर किंवा आभासी यंत्रावर हलवण्याची मुभा असावी, आणि विश्लेषणाचे सॉफ्टवेअर आभासी विंडोजमध्ये चालते हे उपकरण बसवण्याच्या दिवशीच दाखवून द्यावे. विक्रेत्याशी घासाघीस करण्याची ताकद खरेदीपूर्वी असते. नंतर ती उरत नाही.

आज हे सारे ज्ञान त्या एका विद्यार्थ्याच्या डोक्यात असते. त्याची पीएचडी पूर्ण होते, तो बंगळुरूला किंवा परदेशी जातो, आणि सहा महिन्यांनी पाहुणा सुरू होईनासा झाला की विभागातून त्याला फोन जातो. कित्येक ठिकाणी आभासी यंत्राचा पासवर्डसुद्धा त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नसतो. उपकरणाच्या नोंदवहीत नमुना, दिनांक आणि वापरणाऱ्याची सही यांसाठी रकाने असतात. यजमान कोणता, पाहुणा कोणता, घड्याळ कोणत्या वेळेवर आणि डिस्कची प्रत कोठे, यांसाठी आणखी चार रकाने आखायला पट्टी आणि पेन्सिल पुरते.