वर्षातले दोन दिवस आणि उरलेले ३६३

जुलै उजाडला की पन्हाळ्यावर बाजीप्रभू देशपांडे यांच्या पुतळ्याजवळ गर्दी दिसू लागते. पाठीवर सॅक, अंगात रेनकोट, हातात काठी. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्याच वाटेने पावनखिंडीपर्यंत चालत जाणाऱ्या मोहिमा दरवर्षी निघतात. म्हसाई पठारावरचा अंगाला झोंबणारा पाऊस, गुडघाभर पाण्याचे ओढे, चिखलाची पायवाट. हे सारे सोसून शेकडो माणसे दोन दिवस चालतात. त्यात कॉलेजची मुले असतात, तसेच चाळिशी-पन्नाशीतले नोकरदार, व्यापारी, शिक्षकही असतात.

या मोहिमांमागचा भाव मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न उरलेल्या ३६३ दिवसांचा आहे. दोन दिवसांत पन्नासेक किलोमीटर चालणारा माणूस घरी परतला की कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला मोटारसायकल काढतो. व्यायामाचे नाव काढले की उत्तर ठरलेले असते : ‘वेळच मिळत नाही.’ हे उत्तर दर वेळी खोटे नसते, पण नीट तपासलेलेही नसते. बहुतेकांच्या मनात व्यायाम म्हणजे मोठी मोहीम असते. वेगळा तास, वेगळे बूट, जिमची फी, पहाटेचा गजर. एवढे जमत नाही म्हणून मग काहीच केले जात नाही.

शरीराचा हिशेब मात्र वेगळा आहे. नियमित व्यायामाने हृदय आणि स्नायू जी क्षमता कमावतात, ती व्यायाम थांबला की दोन ते चार आठवड्यांतच उतरू लागते. गेल्या जुलैतली पावनखिंड या जुलैत कामाला येत नाही. उलट, वर्षभर बसून राहिलेल्या शरीराला अचानक चढाला लावणे धोक्याचे ठरू शकते. अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्याच्या बाराशेहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. जोरदार श्रमानंतरच्या एका तासात झटका येण्याचा धोका, आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा तसा व्यायाम करणाऱ्यांत इतर वेळेच्या सुमारे अडीच पट दिसला. आठवड्यातून एकदाही न करणाऱ्यांत तो शंभर पटींहून जास्त होता. कोणत्याही एका तासात असा झटका येण्याची शक्यता मुळात फार कमी असते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण सवयीचे शरीर आणि बिनसवयीचे शरीर यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कोणता आकडा सांगणार?

मग शनिवार-रविवारीच व्यायाम करणाऱ्यांचे काय? त्यांना दिलासा आहे. ब्रिटनमधील सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून केलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. ज्यांनी आठवड्याचा बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांत उरकला, त्यांच्यातही हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाण रोज थोडा थोडा व्यायाम करणाऱ्यांइतकेच कमी आढळले. म्हणजे आठवड्याचा हिशेब रविवारी पुरा केला तरी चालतो. वर्षाचा हिशेब जुलैत पुरा होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम हवेत. मध्यम म्हणजे किती, याची खूण सोपी आहे. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. याच शिफारशींत एक महत्त्वाचा बदल झाला, जो अजून घराघरांत पोचलेला नाही. पूर्वी सलग किमान दहा मिनिटे झाली तरच ती हालचाल व्यायामात धरावी, असे सांगितले जाई. ती अट काढून टाकली गेली. पाच मिनिटेही मोजली जातात, दोनही.

कामाच्या ओघात होणाऱ्या हालचालीची ताकद जगाला प्रथम दिसली ती लंडनच्या दुमजली बसमध्ये. डॉ. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले, की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढ-उतार करत तिकिटे देणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. कंडक्टर कोणत्याही तालमीत जात नव्हते. त्यांचे जिने त्यांच्या पगारातच होते. अलीकडे, २०२२ मध्ये, ‘आम्ही व्यायाम करत नाही’ असे सांगणाऱ्या २५ हजारांहून अधिक लोकांची हालचाल यंत्राने मोजली गेली. दिवसातून तीनेक वेळा एक-दोन मिनिटे दम लागेल अशी हालचाल ज्यांच्याकडून कामाच्या ओघात होत होती, म्हणजे बस पकडायला धावणे किंवा भराभर जिना चढणे, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण तशी हालचाल अजिबात न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम पक्के सिद्ध होत नाहीत. मुळात सुदृढ असलेली माणसेच जास्त हालचाल करत असतील, ही शंका उरते. तरीही लंडनच्या कंडक्टरांपासून आजपर्यंतचा पुरावा एकाच दिशेला बोट दाखवतो.

तेव्हा ‘वेळ कोठून काढू’ याऐवजी ‘असलेल्या वेळेत हालचाल कोठे घालू’ हा प्रश्न विचारावा. पन्हाळा तालुक्यातून शिरोलीच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याने जाता-येता दहा-दहा मिनिटांचे अंतर झपझप चालावे. गाडी लांब लावावी किंवा बसच्या एक थांबा आधी उतरावे. आठवड्याच्या सहा दिवसांत एवढ्यानेच १२० मिनिटे होतात. उरलेली तीस रविवारी. कचेरीत दुसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट नकोच. फोन आला की उभे राहून, फेऱ्या मारत बोलावे. गडावरच्या दुकानदाराने गिऱ्हाईक नसेल तेव्हा खुर्चीवरून दहा वेळा उठून बसावे. मांड्यांना हा उत्तम व्यायाम आहे आणि त्याला कोणतेही साहित्य लागत नाही.

यात जुनी शतपावलीही येते. जेवणानंतर रक्तातली साखर चढते, तेव्हा चालणारे स्नायू ती थेट ओढून घेतात आणि त्यासाठी इन्शुलिनवरचा भार कमी पडतो. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने साखरेचा हा चढ उतरतो, हे मोजून पाहिले गेले आहे. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. अशा देशात रात्रीच्या जेवणानंतर टीव्हीसमोर बसण्याऐवजी गल्लीत दोन फेऱ्या मारणे क्षुल्लक नाही.

खेड्यात यावर एक नेहमीचा आक्षेप असतो : ‘आम्ही राबणारी माणसं. आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?’ जो खरोखर राबतो, त्याचे म्हणणे बरोबर आहे. शेतातले, गोठ्यातले काम हालचालीत मोजले जातेच. पण प्रत्येकाने स्वतःचा आजचा दिवस पाहावा, वडिलांचा नव्हे. नांगरट ट्रॅक्टरने होते, वैरण कडबाकुट्टीत बारीक होते, विहिरीवरची मोटर मोबाइलवरून सुरू होते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. कष्ट पुष्कळसे यंत्राकडे गेले, ताटातली भाकरी आणि रस्सा मात्र कष्टाच्या काळातलाच राहिला. तालुक्याच्या गावांत चाळिशीतच रक्तदाब आणि मधुमेह सापडतो, त्याचे एक कारण इथे आहे.

बायकांची गोष्ट वेगळी आहे, आणि ‘वेळ नाही’ हे वाक्य सर्वांत खरे त्यांच्याच तोंडी असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. फरक तीन तासांहून जास्त. पहाटे धार, मग चूल किंवा गॅस, डबे, पाणी, कपडे, शेत, पुन्हा संध्याकाळची धार. तिला ‘रोज अर्धा तास चाला’ असे चिठ्ठीवर लिहून देणे म्हणजे तिच्या कामांच्या यादीत आणखी एक काम घालणे. तिची हालचाल होते, पण ती एकाच ठेवणीची असते. वाकणे, उचलणे, तासन्‌तास उभे राहणे. त्यातून कंबर आणि गुडघे झिजतात. दम वाढवणारे चालणे त्यात फार थोडे असते आणि निवांत सैल होणे तर नसतेच.

पहाटे तासभर फिरायला जाणाऱ्या गृहस्थाचे कौतुक सगळे करतात. पण तो परत येतो तेव्हा चहा तयार असतो, डबा भरलेला असतो, मुलांची दप्तरे आवरलेली असतात. त्याचा तास कोणीतरी दुसऱ्याने दिलेला असतो. व्यायामाला वेळ काढणे हा निश्चयाचा प्रश्न आहे तितकाच वाटणीचाही आहे. घरात रोज अर्धा तास कोणाचे काम कोण करणार, हे ठरल्याशिवाय बाईला चालायला वेळ मिळणार नाही. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या स्त्रीला चालण्याचा सल्ला देताना तो तिच्याबरोबर आलेल्या नवऱ्याला किंवा मुलालाही द्यायला हवा : ‘यांनी चालायचे, आणि तेवढा वेळ भांडी तुम्ही घासायची.’ याला कोणी हसेल. पण औषधाच्या गोळीला कोणी हसत नाही, आणि हा सल्लाही उपचाराचाच भाग आहे.

काही वाटा गावाने आणि नगरपरिषदेनेही द्यायला हव्यात. अंधारी गल्ली, मोकाट कुत्री, वेगाने जाणारे डंपर असतील तर संध्याकाळी कोण बाहेर पडेल? दिव्यांची सोय, संध्याकाळी खुले राहणारे शाळेचे मैदान आणि रस्त्याच्या कडेला चालण्यापुरती जागा, एवढी मागणी मोठी नाही. खुद्द पन्हाळ्याचे पाहा. पर्यटक गाडीने गडावर येतात, अंबरखान्याला गाडीने जातात, सज्जाकोठीला गाडीने जातात, तीन दरवाजापाशी उतरून फोटो काढतात आणि झुणका-भाकरी खाऊन परततात. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरची, झाडीची, थंड हवेची ही जागा चालण्यासाठीच आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी वारशातल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. गर्दी वाढणारच. वृद्ध, अपंग आणि रहिवासी सोडून बाकीच्यांच्या गाड्या एका जागी थांबवून गड पायी पाहण्याची सोय केली, तर वारशाचेही भले आणि येणाऱ्यांच्या हृदयाचेही.

आणि जुलैची मोहीम? ती जरूर करावी, पण तिला वर्षाचा व्यायाम न समजता वर्षाची परीक्षा समजावे. परीक्षेचा अभ्यास आदल्या रात्री होत नाही. गुढीपाडव्याला सुरुवात केली तर हाती तीन महिने राहतात. पहिला महिना रोज पंधरा-वीस मिनिटे सपाटीवर. दुसऱ्या महिन्यात अर्धा तास आणि आठवड्यातून दोनदा चढ किंवा जिने. तिसऱ्या महिन्यात रविवारी दोन-तीन तासांची चाल, पाठीवर सॅक घेऊन. चालताना छातीत दाब येणे, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम किंवा जबड्यात-डाव्या हातात कळ जाणवली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहाचे इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि डोसाबद्दल आधीच विचारून घ्यावे. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी चालणे पूर्ण वर्ज्य.

असे तीन महिने ज्याने काढले, त्याला जुलैत पावनखिंड जड जात नाही. आणि त्याहून मोठा लाभ ऑगस्टमध्ये कळतो. मोहीम संपलेली असते, पण संध्याकाळी सहा वाजता पाय आपोआप चपलांकडे वळतात. ते वळले की त्यांना अडवू नये, आणि जमल्यास घरातल्या आणखी एका माणसाला बरोबर न्यावे. राहिलेली भांडी परतल्यावर दोघांनी मिळून घासावीत.